बाळाचे डॉक्टर बाळ व्हायच्या आधीच ठरवायचे का? (नागपूर)

मृदगंधा
नमस्कार मंडळी. सातवा संपत आलाय. तारीख मेच्या तिसऱ्या आठवड्यातली, म्हणजे नवतप्याच्या, त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांच्या, अगदी तोंडावर. राहायला मनीषनगरला, बाळंतपण रामदासपेठेतल्या एका नर्सिंग होममध्ये. माहेर यवतमाळचं, पण नवऱ्याची मिहानमध्ये शिफ्टची नोकरी असल्यामुळे मी तिकडे जाण्याऐवजी आईच इथे येणार आहे.

परवा तपासणीला गेले तेव्हा आमच्या मॅडमनी सहज विचारलं, "बाळाला पुढे कुणाला दाखवणार, काही ठरवलंय का?" मला वाटत होतं, बाळाचे डॉक्टर दवाखान्यातच मिळतात आणि तेच पुढे चालू राहतात. घरी विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, "आधी लेकरू सुखरूप हातात येऊ दे, मग डॉक्टर पाहू." नणंदेने धंतोलीतल्या एका मोठ्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. शेजारच्या काकू म्हणतात, बेसा रोडवरचे तरुण डॉक्टर छान आहेत, रात्रीसुद्धा फोन उचलतात.

तर प्रश्न असा की हे खरंच आधी ठरवतात का? ठरवायचं तर काय बघून ठरवायचं? आणि बाळ नसताना नुसतं भेटायला गेलं तर डॉक्टरांना विचित्र वाटेल का? ज्यांनी केलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा. मला खरोखर काही कळत नाहीये.

खामलाकर
अभिनंदन! आधी ठरवा, नक्की ठरवा. निकष एकच लावा, अंतर. दोन पोरांचा बाप म्हणून सांगतो. रात्री अडीच वाजता लेकराला ताप भरतो तेव्हा डॉक्टर किती नावाजलेले आहेत याचा काही उपयोग नसतो, ते किती लांब आहेत याचा असतो. पहिल्या वर्षात लसी, वजन, सर्दी, जुलाब यासाठी इतक्या चकरा होतात की घराजवळचे डॉक्टर म्हणजे अर्धी चिंता मिटली. मनीषनगरहून धंतोलीत मेच्या दुपारी तान्ह्या बाळाला घेऊन जाणं म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पोट्ट्याचा_बाबा
धंतोलीत डॉक्टर मिळते, पार्किंग मिळत नाही. मी गाडी लावून येईपर्यंत आमच्या पोट्ट्याची लस झाली होती, रडून झालं होतं अन् ते झोपलं पण होतं :)

ऑरेंजसिटी७
खामलाकरांना +१.

वैदर्भी
माझं मत थोडं वेगळं आहे. आम्हीही घराजवळचेच डॉक्टर धरले होते. मुलगी दूध पिताना थकायची, कपाळाला घाम यायचा, वजन हवं तसं वाढत नव्हतं. दोनदा टॉनिक लिहून मिळालं. शेवटी बहिणीने बळजबरीने धंतोलीतल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि त्याच दिवशी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला लावली. हृदयाला छिद्र निघालं. आता ती शाळेत जाते, पळते, सगळं ठीक आहे. पण मी तरी अनुभवालाच वजन देईन. तासभर बसावं लागलं तरी चालेल.

खामलाकर
वैदर्भीताई, तुमचा अनुभव वाचून काटा आला. पण मग प्रश्न जवळ-लांबचा नाही, नीट तपासण्याचा आहे. जवळचाही नीट तपासू शकतो आणि नावाजलेलाही गर्दीत दोन मिनिटांत उरकू शकतो.

डॉ_सावली
मी बालरोगतज्ज्ञ आहे, सध्या वर्धा जिल्ह्यात काम करते, शिक्षण नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं. दोन्ही बाजू वाचल्या. वैदर्भी, तुमच्या मुलीसारख्या छिद्राचा आवाज जन्मानंतर लगेच ऐकू येतोच असं नाही. फुप्फुसांतला दाब हळूहळू उतरतो, तसा तो आवाज काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी उमटतो. म्हणून दवाखान्यातून घरी जाताना "सगळं नॉर्मल" लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. पण दूध पिताना दम लागणं, घाम येणं, वजन न वाढणं ही तिन्ही एकत्र दिसल्यावर टॉनिकवर थांबायला नको होतं, हे खरं.

मृदगंधा, तुमच्या प्रश्नात दोन वेगवेगळे डॉक्टर आहेत. ते आधी सुटे करा. बाळंतपणाच्या वेळी हजर असणारे बालरोगतज्ज्ञ बहुधा नर्सिंग होमच बोलावतं. तिथे तुम्हाला निवड फारशी नसते. पुढे वर्षानुवर्षं ज्यांच्याकडे जाल ते तुम्ही निवडता. पहिल्यांबाबत मॅडमना स्पष्ट विचारा. बाळ बाहेर येताना बालरोगतज्ज्ञ खोलीत असतील की फोन केल्यावर येतील? बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात श्वास द्यायला शिकलेलं माणूस तिथे हवं, अंबू बॅग (श्वास द्यायची हाताने दाबायची पिशवी) आणि बाळाला ऊब देणारं वॉर्मर तयार हवं. तो मिनिट कुणाचीही वाट पाहण्याचा नसतो. आणि बाळाला एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, लागलं तर ते त्याच इमारतीत आहे की दुसरीकडे हलवावं लागेल, तेही आजच विचारून ठेवा.

दुसऱ्यांबाबत इतरांना लिहू द्या, मी नंतर येते.

निशिगंध
डॉक्टर सावलींनी लिहिलेल्या शेवटच्या मुद्द्यासाठीच लॉगिन केलं. माझी जुळी तेहतिसाव्या आठवड्यात झाली. ज्या नर्सिंग होममध्ये झाली तिथे एनआयसीयू नव्हतं. मी टाके घातलेल्या अवस्थेत तिथे, बाळं दुसऱ्या दवाखान्यात, नवरा दोन्हींच्या मध्ये. माझं पहिलं दूध, तो पिवळा चीक, वाटीत काढून सासरे स्कूटरवर घेऊन जायचे. वाटी स्टीलची, झाकणाला रबरबँड लावलेला, वरून ओला रुमाल. मला मुलं दिसली ती मी चालू लागल्यावर. तिथल्या सिस्टरनी छातीशी उघड्या अंगाने बाळ धरायला शिकवलं, कांगारू पद्धत, आणि मग मात्र वजन भराभर वाढलं.

दोघंही आज उत्तम आहेत. पण आई आणि बाळ एकाच छताखाली राहतील अशी जागा मिळत असेल तर ती घ्या. तुमची तपासणी अजून व्यवस्थित असेल तरी विचारून ठेवा. वेळेआधी होणारं बाळंतपण सांगून येत नाही.

सदरवाले
एनआयसीयूचा रोजचा खर्चही विचारा आणि विम्याची कागदपत्रं आत्ताच काढून वाचा. नोकरीतल्या गटविम्यात बऱ्याचदा बाळ पहिल्या दिवसापासून धरलं जातं, पण स्वतः काढलेल्या अनेक पॉलिसींत बाळ नव्वद दिवसांचं होईपर्यंत आत येत नाही. मिहानवाल्या कंपनीच्या एचआरला एक ईमेल टाकला की कळेल.

आणि पैशाची अडचण असलेले कुणी वाचत असतील तर मेडिकल, मेयो, डागा ही सरकारी रुग्णालयं आहेत. सरकारी दवाखान्यात जन्माची आणि आजारी नवजात बाळाच्या उपचाराची सोय जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. २०११ पासून ही योजना आहे आणि अजूनही कितीतरी लोकांना माहीत नाही.

अनुमाय
मृदगंधा बेटा, मी सिस्टर म्हणून नवजात बाळांच्या वॉर्डात आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. डॉक्टर कसा ओळखायचा ते सांगते, डिग्रीच्या पाटीवरून नाही.

डॉक्टर बाळाजवळ येण्याआधी हात धुतात का ते पाहा. स्टेथोस्कोप थेट छातीला लावतात की आधी तळहातावर धरून ऊब देतात ते पाहा. पहिल्या तपासणीत बाळाचे सगळे कपडे काढायला सांगतात का? झबल्यावरून तपासलेलं बाळ म्हणजे न तपासलेलं बाळ. टाळूवर बोट फिरवतात, तोंडात बोट घालून टाळा बघतात, डोळ्यात उजेड टाकतात, दोन्ही मांड्या फाकवून खुब्याचे सांधे बघतात, पाठीचा कणा वरपासून खालपर्यंत चाचपतात. हे सगळं करायला पाच-सात मिनिटं लागतात. जो डॉक्टर ती देतो तो आपला.

आणि आईकडे बघतो का तेही पाहा. बाळाचं वजन वाढत नाही म्हटल्यावर चांगला डॉक्टर आधी म्हणतो, "पाजून दाखवा." बाळाने कसं धरलंय, तोंड पुरतं उघडलंय का, हनुवटी टेकलीये का. जो न बघताच डब्याचं दूध लिहून देतो त्याच्यापासून दूर राहा. डब्याच्या दुधाची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. दवाखान्याच्या भिंतीवर अशा कंपनीचं पोस्टर दिसलं तर तिथेच काय ते समजून घ्यायचं.

न्यूजर्सीची_नागपूरकर
मूळची महालातली, आता इथे. भेटायला गेलं तर विचित्र वाटेल का, असं विचारलंय म्हणून लिहिते. इकडे तर तो रिवाजच आहे. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स सांगते की शेवटच्या तिमाहीत एकदा बाळाच्या डॉक्टरांना भेटून या. बाळंतपणासाठी भरती होताना दवाखाना बाळाच्या डॉक्टरांचं नाव विचारतो आणि घरी सोडल्यावर दोन-तीन दिवसांत त्यांच्याकडे पहिली तपासणी असते. मी गेले होते तेव्हा त्यांनी दहा मिनिटं बसवून माझेच प्रश्न ऐकले. तिकडे रिवाज नसला तरी कन्सल्टिंग फी देऊन गेल्यावर कुणी नाही का म्हणेल?

पोट्ट्याचा_बाबा
फी देऊन पेशंटच न दाखवणारा माणूस पाहून आपले डॉक्टर खुशच होतील. लेकरू रडणार नाही, ओकणार नाही, चष्मा ओढणार नाही.

डॉ_सावली
हसले, पण खरं आहे. माझ्याकडे अशी जोडपी येतात आणि मला आवडतं. त्या भेटीतच मी दोघांचे रक्तगट विचारते, आईचे रिपोर्ट बघते, घरात कुणाला सिकलसेल, थॅलेसेमिया हे रक्ताचे आनुवंशिक आजार आहेत का ते विचारते. आपल्या विदर्भात सिकलसेलचा प्रश्न मोठा आहे. आई-बाबा दोघांचीही तपासणी झाली नसेल तर ती बाळाच्या आधी करून घ्या. दोघेही वाहक निघाले तर दर बाळाला आजार येण्याची शक्यता चारात एक असते, आणि हे आधी कळलं तर बाळाची तपासणी लगेच करता येते, औषधं वेळेवर सुरू होतात.

भेटीत डॉक्टरांना तुम्ही विचारा: बाळाची थायरॉइडची आणि कानाची तपासणी कुठे होईल? टाचेतून रक्त घेऊन थायरॉइड बघतात, साधारण ४८ ते ७२ तासांत. थायरॉइड कमी असलेलं बाळ दिसायला गोंडस, शांत, खूप झोपणारं असतं, घरचे म्हणतात किती गुणी आहे. तेच उपचार लांबले तर मेंदूची वाढ मागे पडते. सगळ्या दवाखान्यांत ही तपासणी आपोआप होत नाही, विचारावी लागते.

काकासाहेब_महाल
आमच्या काळी महालात एकच डॉक्टर होते. आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना तेच. घरी यायचे, चहा घ्यायचे, बाळाच्या पोटावर हात ठेवून सांगायचे. आता प्रत्येक गोष्टीला वेगळा डॉक्टर. तुम्ही लोक फार विचार करता.

एक मात्र सांगतो. मे महिन्यात बाळ होणार, तर त्याला चमच्या-चमच्याने पाणी पाजत जा. नागपूरच्या उन्हाळ्यात नुसत्या दुधावर लेकरू सुकतं. आमच्या घरात सगळे असेच वाढले.

अनुमाय
काका, मोठेपणाचा मान ठेवून सांगते, पाणी नको. सहा महिने आईचं दूध आणि फक्त दूध, नागपूरचा मे असला तरी. दुधात बहुतेक पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा मागतं, तेव्हा जास्त वेळा पाजायचं. पाण्याने इवलं पोट भरतं, दूध मागे राहतं, आणि वाटी-चमच्याबरोबर जुलाब आत जातात. पाणी आईने प्यायचं, भरपूर.

दूध पुरतंय की नाही हे लंगोटावरून कळतं. पहिला आठवडा संपेपर्यंत दिवसाला सहा-सात वेळा लघवी होत असेल तर काळजी नाही. जन्मानंतर वजन थोडं उतरतं, तेही घाबरण्यासारखं नाही. दहा-चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनाला परत यायला हवं. आणि मध चाटवू नका, एक वर्ष अजिबात नाही. गुटीचंही डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नका.

काकासाहेब_महाल
ताई, तुम्ही वॉर्डात काम केलेलं आहे, तुमचं मानतो. सुनेलाही वाचायला देतो, तिच्याकडेही जूनमध्ये आहे.

मृदगंधा
बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार. अनुमाय, तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली यांना भेटायला हवं.

एक उपप्रश्न. आमच्याकडे एसी नाही, डेझर्ट कूलर आहे. कूलरसमोर तान्हं बाळ ठेवतात का? सासूबाई म्हणतात बाळाला आणि बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, खिडक्या बंद. मेमध्ये बंद खोलीत मीच राहीन की नाही शंका आहे.

वैदर्भी
माझी मुलगी पण मेचीच. कूलर खिडकीत, झोत छताकडे वळवलेला, बाळ पलंगाच्या दुसऱ्या कडेला. सुती झबलं, टोपरं फक्त बाहेर नेताना. काही झालं नाही. पाणी रोज बदला आणि टाकी घासा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात आणि तान्ह्या बाळाला डेंग्यू म्हणजे नकोच.

डॉ_सावली
वैदर्भींचं बरोबर आहे. खोली साधारण २६ ते २८ अंशांवर असेल तर बाळ आरामात राहतं. थेट झोत अंगावर नको, एवढंच. बंद खोली, दुपटी आणि शेगडी हे मेमध्ये धोक्याचं आहे, बाळाचं अंग तापतं आणि मग तो ताप जंतुसंसर्गाचा की उन्हाचा हे ठरवायला आम्हाला रक्त काढावं लागतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर घरी औषध देत बसायचं नाही, तडक दवाखान्यात. थर्मामीटर आत्ताच आणून ठेवा, हाताच्या अंदाजावर राहू नका.

तसंच काविळीचं. कोवळ्या उन्हात धरलं की कावीळ जाते हे अजून घराघरांत सांगतात. उन्हाने उपचार होत नाही, आणि नागपुरात सकाळी आठचं ऊनही कोवळं नसतं. पहिल्या चोवीस तासांत बाळ पिवळं दिसलं, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत पोहोचला, तर त्याच दिवशी दाखवायचं.

लसवंत
कुणी लसींबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहितो. डॉक्टर निवडताना हाही हिशेब करा. सरकारी लसीकरणात जन्मतःच बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस), पोलिओ, रोटाव्हायरस (जुलाबावरची), शिवाय सहा आणि चौदा आठवड्यांना न्यूमोकॉकल (न्यूमोनियावरची). हे सगळं महापालिकेच्या आरोग्य केंद्रात फुकट. न्यूमोकॉकल पूर्वी फक्त खासगीत मिळायची, एकेका डोसाला हजारो रुपये लागायचे. २०२१ मध्ये ती देशभर सरकारी कार्यक्रमात आली. आम्ही या लसी केंद्रात घेतल्या आणि फ्लू, टायफॉइड, कांजिण्या, हिपॅटायटिस ए या खासगीत. आमच्या डॉक्टरांनीच तसं सुचवलं. लसीचा धंदा न करता असं सांगणारा डॉक्टर मला तरी भरवशाचा वाटतो.

सदरवाले
"पेनलेस" लसीचं काय? आमच्याकडे सगळे तीच घेतात.

डॉ_सावली
पेनलेस म्हणतात त्यात डांग्या खोकल्याचा घटक वेगळ्या प्रकारचा असतो, म्हणून ताप आणि सूज कमी येते. साध्या लसीने ताप जास्त येतो, पण तिचं संरक्षण जास्त काळ टिकतं. म्हणजे स्वस्त म्हणून साधी लस कमी प्रतीची, असं मुळीच नाही. कुठली घ्यायची ते बाळ बघून ठरवा, शेजाऱ्यांकडे बघून नको.

खामलाकर
क्लिनिकबद्दल एक राहिलं. लसीच्या बाळांना आणि तापाच्या मुलांना एकाच बाकावर बसवतात का ते बघा. आमच्या डॉक्टरांकडे लसीची वेळ वेगळी आहे, दुपारी चार ते पाच, त्या वेळात आजारी मूल आत घेतच नाहीत. सकाळी फोनवर नंबर लावायचा, तुमच्या आधी दोन जण राहिले की रिसेप्शनवरून फोन येतो. दीड महिन्याच्या बाळाला खोकणाऱ्या गर्दीत तासभर बसवावं लागत नाही. आणि डॉक्टर गावाला गेले की त्यांच्या जागी कोण, हे दारावर लिहिलेलं असतं.

ऑरेंजसिटी७
कमी औषधं लिहिणारा निवडा. माझं तेवढंच सांगणं.

निशिगंध
ऑरेंजसिटी, तेवढंच म्हणालात पण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याकडची लेकरं कफ सिरपमुळे किडनी निकामी होऊन आपल्याच नागपुरात भरती होती, कितीतरी गेली. मी ते दिवस विसरू शकत नाही. सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं होतं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊच नयेत. आपल्यालाही सवय असते, डॉक्टरांनी नुसते नाकात घालायचे सलाईनचे थेंब दिले तर वाटतं, काहीच दिलं नाही. ज्यांनी आमच्या जुळ्यांना बाटलीभर सिरपऐवजी पाच मिनिटं समजावून सांगितलं, त्यांना मी आजही मानते.

अनुमाय
आणि डोस मिलीमध्ये लिहून घ्या. पॅरासिटामॉलचे थेंब वेगळे, सिरप वेगळं. थेंबांत एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, सिरपमध्ये पाच मिलीत १२५ किंवा २५०. ड्रॉपरच्या मापाने सिरप किंवा चमच्याच्या मापाने थेंब दिले की सगळा घोळ. चांगला डॉक्टर बाळाचं आजचं वजन कागदावर लिहितो आणि त्यावरून मात्रा काढतो. वजनकाट्यावर न ठेवता औषध लिहिणाऱ्याला विचारा, "वजन नाही का करायचं?"

धरमपेठी
प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांचं नाव लिहिलं असतं तर जास्त उपयोग झाला असता.

खामलाकर
धरमपेठी, नावं इथे उघड नकोत, दुसऱ्या दिवशी वाद सुरू होतात. ज्यांना हवंय त्यांनी निरोप करा. आणि डिग्री-नोंदणी ज्याची त्याला तपासता येते. एमडी, डीएनबी, डीसीएच काहीही असो, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर असतोच.

मृदगंधा
सगळ्यांना सांगायला आले. शनिवारी आम्ही दोघं बेसा रोडवरच्या डॉक्टरांना भेटून आलो. सासूबाईंना वैदर्भींचा आणि निशिगंधचा प्रतिसाद वाचून दाखवला होता, त्यांनी स्वतःच म्हटलं, "जाऊन या, विचारायला काय जातंय."

डॉक्टर नीट बसवून बोलले. रात्रीचा फोन ते स्वतः घेतात, पण ताप, श्वास, दूध बंद, लघवी बंद एवढ्यासाठीच, बाकी मेसेज सकाळी बघतात. मला हे स्पष्ट सांगितलेलं आवडलं. लसीची वेळ वेगळी आहे. सरकारी केंद्रातल्या लसी चालतील म्हणाले. काही गुंतागुंत वाटली तर धंतोलीतल्या ज्येष्ठ डॉक्टरांकडे ते स्वतः चिठ्ठी देऊन पाठवतात, म्हणजे नणंदही खूश. बाळ रुग्णालयातून आल्यावर दोन दिवसांत आणायला सांगितलंय.

आमच्या मॅडमनाही विचारलं. बालरोगतज्ज्ञ प्रसूतीच्या वेळी खोलीत असतात, एनआयसीयू वरच्याच मजल्यावर आहे. थायरॉइडची तपासणी सांगितली तर करतात, म्हणून फाईलवर लिहून घेतलं. माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, ह्यांचा बी. त्यावर डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवू. त्याचं नेमकं काय करायचं असतं?

डॉ_सावली
आई ओ आणि बाळ बी निघालं तर कधीकधी कावीळ लवकर आणि जास्त चढते. दर वेळी नाही. म्हणून जन्मल्यावर नाळेच्या रक्तातून बाळाचा रक्तगट करायला सांगा, आणि घरी सोडण्याआधी बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं काविळीचं प्रमाण, तपासल्याशिवाय निघू नका. डिस्चार्जच्या कागदावर आकडा आणि तो किती तासांच्या वयाला घेतला हे दोन्ही लिहून घ्या. बेसा रोडवरच्या डॉक्टरांना दोन दिवसांनी तोच आकडा लागेल.

अनुमाय
आणि दोघांचे सिकलचे रिपोर्ट त्याच फाईलला लाव बेटा. फाईल आईजवळ दे, नवऱ्याजवळ नको, त्याची शिफ्ट असेल त्या दिवशी.